प्रेसमड कंपोस्टमधला बॅसिलस ६० अंशांवर मजेत वाढतो, पण त्याचं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) ७० ला दहा मिनिटांत गार! काय चुकतंय?

कळंबा_कट्टा

मंडळी, नमस्कार. एमएस्सी मायक्रोच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या कंपोस्ट यार्डातून नमुना आणलाय. प्रेसमडचे (उसाचा रस गाळून उरलेल्या मळीचे) विंड्रो म्हणजे लांब ढीग, वर स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) फवारलेला, तिसरा आठवडा. ढिगात आत ६२ अंश होतं.

१० ग्रॅम नमुना ९० मिली सलाइनमध्ये हलवला, ८० अंशांवर १० मिनिटं हीट शॉक दिला आणि डायल्युशन करून स्टार्च अगरवर (स्टार्च घातलेल्या जेलीच्या थरावर) ६० ला ठेवलं. अगर २ टक्के. आयोडीन ओतल्यावर एका कॉलनीभोवती २२ मिमीचा झोन (स्टार्च संपलेली रिकामी कडा) आला. ग्राम पॉझिटिव्ह रॉड आहे, स्पोअर (चिवट बीजाणू) टोकाला.

मग २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली ब्रॉथ (पातळ मीडियम), ६० अंश, शेकर, ४८ तास. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलं आणि ५० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये (पीएच ८.०) मिसळलं. प्रोटिएजनं (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमनं) खाऊ नये म्हणून ५ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) घातलं. डीएनएस पद्धतीनं (सुटलेली साखर रंगावरून मोजून) ६० ला ॲक्टिव्हिटी बरी येते, पण ७० ला नुसतं १० मिनिटं ठेवलं तर पाचातले चार हिस्से गायब. जीव ६० ला वाढतो म्हणजे एन्झाइम ७० ला टिकायलाच हवं ना?

शिवाय प्लेटांना २० तासांत पाणी सुटतं, कॉलन्या एकमेकींत वाहतात आणि दोन दिवसांत अगरचा पापड होतो. कधी कधी काही न लावलेल्या कोऱ्या प्लेटवरही एखादी कॉलनी दिसते. हे एन्झाइम पुढं इचलकरंजीत डिसायझिंगला (कापडावरची खळ काढायच्या कामाला) दाखवायचा विचार आहे. कुठं हुकतंय ते सांगा.

स्लँटवाली

भावा, प्रोटिएजला घाबरून तू ईडीटीए घातलंस आणि तिथंच एन्झाइमचा गळा दाबलास.

बॅसिलस कुळातली बहुतेक अल्फा अमायलेजं कॅल्शियमच्या टेकूवर उभी असतात. कॅल्शियमचे आयन रेणूच्या घड्या बांधून ठेवतात. ते निघाले की थंडीत फरक जाणवत नाही, ६० ला थोडा जाणवतो आणि ७० ला सगळं उलगडतं. तुझ्या ब्रॉथमध्ये लिटरला ०.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असेल तर ते जेमतेम ०.७ मिलिमोलर होतं. त्यावर ५ मिलिमोलर ईडीटीए म्हणजे एका घागरीला सात पंप लावल्यासारखं. ईडीटीए काढ आणि बफरमध्ये २ ते ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाल.

दुसरा घोळ ट्रिसचा. तापमान एका अंशानं वाढलं की ट्रिसचा पीएच साधारण ०.०२८ नं उतरतो. २५ ला ८.० लावलेला बफर ७० ला ६.७ च्या आसपास येतो. तू समजतोयस पीएच ८ ला टिकाऊपणा मोजतोय, प्रत्यक्षात मोजतोयस भलतंच. ट्रिसऐवजी फॉस्फेट घ्यायचा मोह होईल, पण फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की पांढरा गाळ बसतो आणि कॅल्शियम पुन्हा हातचं जातं. पीएच ५ ते ५.५ साठी ॲसिटेट घे, ते तापमानानं जवळजवळ हलत नाही. ६.५ ते ७.५ साठी मॉप्स किंवा हेपेस घे. त्यांचाही पीएच उतरतो, पण ट्रिसच्या निम्म्यानंच. आणि शक्यतो बफर वॉटर बाथमध्ये ७० ला आणूनच त्याचा पीएच लाव.

प्रोटिएजचा बंदोबस्त वेळेनं कर. असे थर्मोफिल (उष्णताप्रेमी जीव) ६० ला भराभर वाढतात आणि तितक्याच लवकर स्पोअर धरून फुटतात. ४८ तासांपर्यंत ब्रॉथमध्ये फुटक्या पेशी आणि प्रोटिएजच जास्त असतात. ८ व्या तासापासून दर ४ तासांनी २ मिली काढून ओडी (ब्रॉथचा गढूळपणा, म्हणजे वाढ) आणि अमायलेज दोन्ही मोज. वरचं टोक बहुतेक २४ तासांच्या आत सापडेल. त्यानंतर थांबण्यात नुसता तोटा. स्किम मिल्क अगरवर वरच्या पाण्याचा थेंब टाकून ६० ला ठेवलं की प्रोटिएज आहे की नाही तेही कळेल.

फ्लास्कही अर्धा भरलायस. २५ अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरला ८ मिलिग्रॅमच्या वर मावतो, ६० ला पाचाच्याही खाली येतो. २५० च्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच घाल. सुरुवातीला फ्लास्कचं वजन करून ठेव आणि नमुना काढण्याआधी उडालेलं पाणी निर्जंतुक पाण्यानं भरून काढ. नाहीतर बाष्पीभवनानं एन्झाइम ‘वाढलेलं’ दिसतं.

टिकाऊपणा मोजायची रीतही बदल. पातळ भिंतीच्या ट्यूबमध्ये बफर आधी ७० ला तापव, मग एन्झाइम घाल. ०, ५, १०, २०, ४०, ६० मिनिटांना एकेक ट्यूब थेट बर्फात. सगळ्या झाल्या की ६० ला १ टक्का स्टार्चवर उरलेली ॲक्टिव्हिटी बघ. तिचा नैसर्गिक लॉग वेळेसमोर मांडला आणि रेघ सरळ आली, तर उताराला के म्हण आणि ०.६९३ ला के नं भाग, अर्धायुष्य मिळेल. रेघ वाकडी आली तर एन्झाइम एकापेक्षा जास्त आहेत किंवा प्रोटिएज काम करतंय. एन्झाइम फार पातळ असेल तर ते काचेलाच चिकटतं, म्हणून मिलीला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (एक साधं प्रथिन) घाल.

डीएनएसमध्ये एक खाचखळगा तुझ्या नमुन्यापुरता. स्पेंटवॉशचा तपकिरी रंग क्रूडमध्ये (शुद्ध न केलेल्या एन्झाइममध्ये) उतरला असेल तर तो ५४० ला रीडिंग खातो. प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र ब्लँक ठेव, ज्यात आधी डीएनएस आणि मग एन्झाइम. ब्रॉथमधली रिड्यूसिंग साखरही मोजली जाते, म्हणून डायलिसिस (पडद्यातून लहान रेणू काढून टाकणं) करूनच मोज. डायलिसिसच्या बफरमध्ये १ मिलिमोलर कॅल्शियम विसरू नकोस.

आता तुझा मूळ प्रश्न. जीव ६० ला वाढतो म्हणून एन्झाइम ७० ला टिकेलच, असं नाही. पेशी आपली एन्झाइमं सतत नवी करत असते. जुनं मोडलं तरी तिचं अडत नाही. उलटं उदाहरण बघ. स्टार्च उद्योगात १०५ अंशांच्या जेट कुकरमध्ये जे अमायलेज वर्षानुवर्षं वापरलं गेलं, ते बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं. तो स्वतः पन्नाशी-पंचावन्नच्या वर वाढत नाही, पण पीएच ६, थोडं कॅल्शियम आणि ३० टक्क्यांच्या पुढं घट्ट स्टार्च मिळाला की त्याचं एन्झाइम तिथं काही मिनिटं काढतं. घट्ट सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो स्टार्च) हाही टेकूच आहे. म्हणून एकदा नुसत्या बफरमध्ये आणि एकदा स्टार्चसकट असं दोन्हीकडं मोज.

पेट्रीतला_पापड

प्लेटांचं मी सांगतो, नावच तसं आहे.

अगर ८५ च्या आसपास वितळतो, त्यामुळं ६० ला तो विरघळत नाही, फक्त पाणी सोडतो. २ टक्क्यांऐवजी २.५ ते ३ टक्के घे. ९० मिमीच्या प्लेटमध्ये २५ ते ३० मिली जाड ओत. एक रात्र ३७ ला उलटी ठेवून वरचं पाणी उडव आणि मगच नमुना पसर. पसरायला ०.१ मिलीच्या वर नको. इनक्युबेटरच्या तळाला पाण्याचा ट्रे ठेव, प्लेटा पॉलिथिनच्या पिशवीत ओल्या कापसाच्या बोळ्यासह, उलट्या. पॅराफिल्म लावू नकोस, ६० ला तोच वितळून प्लेटेला चिकटतो. साधी चिकटपट्टी बरी. १६ ते २४ तासांत वाचून मोकळं व्हायचं. ७० च्या वर जायचं असेल तर अगर सोडून जेलन गम घे, ०.८ टक्के आणि घट्ट बसायला थोडं मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम.

मीडियम साधं असू दे: लिटरला सोल्युबल स्टार्च १०, पेप्टोन ५, यीस्ट एक्सट्रॅक्ट २, डायपोटॅशियम फॉस्फेट १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, पीएच ७. कॅल्शियम क्लोराइड वेगळं ऑटोक्लेव्ह करून ओतायच्या आधी घाल, नाहीतर फॉस्फेटबरोबर गाळ. ग्लुकोज अजिबात नको, ते असलं की बरेचसे बॅसिलस अमायलेज काढायचंच थांबवतात.

आयोडीन ओतायच्या आधी कॉलन्यांची नक्कल दुसऱ्या प्लेटवर घे, आयोडीननं कॉलनी मरते. झोनच्या मिमीवरून ‘सर्वात भारी’ ठरवायचं नाही. मोठी कॉलनी, ओली प्लेट आणि जास्त वेळ यांनीही झोन वाढतो.

आता हीट शॉक. ८० ला १० मिनिटं म्हणजे तू स्पोअर निवडलेस. थर्मोफिल निवडले नाहीस. ढिगाच्या वरच्या गार थरातल्या साध्या बॅसिलस सबटिलिसचे स्पोअरही ८० ला टिकतात. फक्त ते ६० ला उगवत नाहीत, म्हणून तुझी चाळणी ६० अंशांनी केली, हीट शॉकनं नाही. उलट जे थर्मोफिल स्पोअर धरतच नाहीत, ते तू बहुतेक ८० ला मारून टाकलेस. अर्धा नमुना हीट शॉकशिवाय लाव. पुढच्या खेपेला ढिगात ४० सेंमी खोल प्रोब घालून तापमान लिहून घे, तिथलाच माल गरम पाण्यानं आधी तापवलेल्या थर्मासमधून आण आणि त्याच दिवशी लाव.

टिकून राहणं आणि वाढणं या दोन वेगळ्या कला आहेत. टिकण्यासाठी स्पोअर आतलं पाणी कमी करतो, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक ॲसिड भरून घेतो, डीएनएला छोट्या प्रथिनांचं पांघरूण घालतो आणि सगळं काम बंद ठेवतो. ६० ला वाढणाऱ्या पेशीला काम चालू ठेवूनच उष्णता सोसायची असते. ती पेशीपटलात सॅच्युरेटेड आणि टोकाला फाटा असलेली फॅटी ॲसिड भरते, म्हणजे पटल फार पातळ होत नाही. उलगडू लागलेली प्रथिनं शॅपरोनं (मदतनीस प्रथिनं) पुन्हा घडी घालून देतात. प्रथिनांत विद्युतभारांच्या जोड्या जास्त आणि लोंबणारे सैल भाग कमी असतात. पूर्ण जीनोमचं जीसी (जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण) वाढतं असं अनेक नोट्समध्ये लिहिलेलं असतं, ते तसं नाही. तापमानाबरोबर जीसी वाढतं ते आरआरएनए आणि टीआरएनएचं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) हा प्रश्न येतो.

कोऱ्या प्लेटवरची कॉलनी म्हणजे बहुतेक ऑटोक्लेव्हमधून वाचलेला स्पोअर. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे स्पोअर ऑटोक्लेव्ह तपासायलाच वापरतात, इतके ते चिवट. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच. इथं हवेचा दाब कमी, त्यामुळं काट्यावर १५ पौंड दिसले तरी आत १२१ नसतात, १२० च्या आसपास असतात. एक अंश किरकोळ वाटतो, पण त्यानं स्पोअर मारायला लागणारा वेळ सुमारे सव्वापट होतो. १६ पौंड ठेव किंवा १५ मिनिटांऐवजी २० मिनिटं दे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाफेची सरळ धार येईपर्यंत कॉक उघडा ठेवून हवा पूर्ण काढ. आत हवा अडकली तर काटा खोटंच बोलतो. लिटरची बाटली असेल तर वेळ आणखी वाढव. आणि प्रत्येक बॅचची एक कोरी प्लेट ६० ला ठेवायचीच.

५०-५५ ला पांढऱ्या भुकटीसारख्या कॉलन्या दिसल्या तर बुरशी समजून फेकू नकोस. ते थर्मोॲक्टिनोमायसिस असू शकतात आणि ते बॅक्टेरियाच आहेत. पण प्लेट उघडून वास घेऊ नकोस. कारण खाली कोणीतरी सांगेलच.

बॉयलिंगहाऊस

सांगतो. जुनाट, बुरशी आलेल्या बगॅसच्या (उसाच्या चोयट्यांच्या) धुळीतून याच कुळाचे स्पोअर फुप्फुसात जातात आणि ॲलर्जीचा आजार होतो. त्याला बगॅसोसिस म्हणतात. काही तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप, आणि लोक फ्लू समजून गोळी घेतात. कंपोस्ट यार्डात एरोटिलर (ढीग उलथणारं यंत्र) फिरत असताना नमुना घ्यायला जाऊ नका. गेलात तर एन-९५ मास्क, आणि वाऱ्याकडं पाठ.

कारखान्याच्या बाजूनं एक वेगळीच गोष्ट. इथं ‘जास्त टिकाऊ एन्झाइम म्हणजे जास्त भारी’ हे गणित उलटं फिरतं. उसाच्या रसात स्टार्च येतो, तो जास्त असला की रस-सिरप घट्ट होतं, फिल्टर आणि क्रिस्टलायझेशन अडतं. म्हणून इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या भांड्यांच्या) शेवटच्या बॉडीजवळ, जिथं तापमान खाली आलेलं असतं, अमायलेज सोडतात. पण ते फार टिकाऊ असलं तर पॅनमधूनही (साखरेचे दाणे पाडायच्या भांड्यातूनही) जिवंत राहतं आणि साखरेत जातं. मग तीच साखर वापरून कोणी स्टार्चनं घट्ट केलेलं सॉस किंवा पुडिंग बनवलं की ते पातळ पडतं आणि तक्रार आपल्याकडं. आम्हाला हवं असतं काम झाल्यावर वेळेत मरणारं एन्झाइम.

आणि हे जीव आपले मित्रच असं समजू नका. गाळप बंद पडून क्लॅरिफायरमधला (रस निवळायच्या टाकीतला) रस अडकला आणि ७५ च्या खाली उतरला की थर्मोफिल स्पोअर उगवतात, ॲसिड करतात, पीएच पडतो, साखर फुटते. डबाबंद खाद्यवाले म्हणूनच साखर घेताना थर्मोफिलिक स्पोअर मोजतात. जुन्या कॅनर्स मानकात १० ग्रॅम साखरेत कुठल्याही नमुन्यात १५० पेक्षा जास्त नकोत आणि पाच नमुन्यांची सरासरी १२५ च्या आत हवी.

ताणा_बाणा

इचलकरंजीचं नाव निघालं म्हणून लिहितो. डिसायझिंगवाल्याला १६एस (जीवाच्या जनुकीय ओळखीचा रिपोर्ट) दाखवू नका, कापड दाखवा.

ताण्यावर सायझिंगमध्ये त्याच्या वजनाच्या साधारण ८ ते १५ टक्के साइज (खळ) चढते. त्यात मका किंवा टॅपिओका स्टार्च असेल तरच अमायलेजचा उपयोग. पॉलिस्टर-कॉटनच्या बीमला (ताण्याच्या रुळाला) पीव्हीए किंवा ॲक्रिलिक अशी कृत्रिम साइज असते, त्याला अमायलेज ढिम्म हलवत नाही. आधी साइजची रेसिपी विचारा, मग एन्झाइमला दोष द्या.

पद्धत बघून एन्झाइम निवडायचं. पॅड-बॅचमध्ये कापड ६०-७० ला भिजवून गुंडाळतात, प्लॅस्टिक लपेटून ६ ते १२ तास फिरवत ठेवतात. तिथं तुमचं ६० वालं एन्झाइम आहे तसंही चालेल. जिगरवर (कापड बाथमधून मागंपुढं फिरवणाऱ्या यंत्रावर) ८०-८५ लागतात. पॅड-स्टीममध्ये ९५ च्या पुढं एक-दोन मिनिटांचा खेळ, तिथं लायकेनिफॉर्मिसच्या जातीचंच हवं.

वर ताईंनी ईडीटीएचं सांगितलं, तोच घोटाळा प्रोसेस हाऊसला रोज होतो. पाणी जड म्हणून बाथमध्ये सिक्वेस्टरिंग एजंट (ईडीटीएसारखं आयन पकडणारं रसायन) टाकतात आणि मग ‘एन्झाइम डुप्लिकेट आहे’ म्हणून बोंब. या एका बाथला थोडं जड पाणीच चांगलं. वेटिंग एजंट (कापड पटकन भिजवणारं रसायन) नॉनआयॉनिक म्हणजे विद्युतभार नसलेलं घ्या, ॲनायॉनिक (ऋणभाराचं) काही एन्झाइमांना मारतं. पीएच ६ ते ७.

शेवटी ९० च्या वर गरम पाण्यानं धुतलंच पाहिजे. स्टार्च तुटून डेक्स्ट्रिन झालेलं असतं, ते कापडातून निघून जायला हवं, नाहीतर गार झाल्यावर परत चिकटून बसतं. मग आयोडीनचा थेंब: गर्द निळा म्हणजे काम झालंच नाही, जांभळा म्हणजे अर्धवट, पिवळा राहिला म्हणजे साफ. थेंब टाकायच्या आधी कापड नीट धुऊन न्यूट्रल करा. अल्कली असली की आयोडीनचा रंगच उडतो आणि घाण कापडही पास होतं. पीव्हीएसुद्धा आयोडीनशी निळसर-हिरवट दिसू शकतं, त्याला स्टार्च समजून एन्झाइमचा डोस वाढवत बसू नका.

आणि कंपोस्टमधला जीव आहे म्हणून खास बजावतो: क्रूडमध्ये सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) असण्याची दाट शक्यता. कॉटनवर ते पडलं तर कापडाची ताकद जाते. सीएमसी (सेल्युलोजचं विरघळणारं रूप) अगरवर क्रूडचा थेंब टाका, काँगो रेड ०.१ टक्का १५ मिनिटं, मग १ मोलर मिठाच्या पाण्यानं धुवा. पिवळा झोन दिसला तर ते क्रूड कापडाजवळ आणूच नका.

कळंबा_कट्टा

सगळ्यांना दंडवत! ईडीटीए आजपासून बंद. एक शेवटचं: डिटर्जंटसाठी पीएच १० ला चालणारं एन्झाइम हवं असेल तर लोणारला जावं का? आणि माझा आयसोलेट (वेगळा काढलेला जीव) फ्रीजमध्ये स्लँटवर (नळीतल्या तिरक्या अगरवर) ठेवलाय, ठीक आहे ना?

पेट्रीतला_पापड

लोणारचं पाणी खारं आणि पीएच १० च्या आसपास, त्यामुळं मोह होणारच. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं ते मिठात वाढणाऱ्या आर्कियाच्या रंगानं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते तपासलं होतं. पण ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा). वन विभागाच्या परवानगीशिवाय बाटलीभर पाणीही उचलायचं नाही. व्यावसायिक वापराचा विचार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राज्य जैवविविधता मंडळाचंही बघावं लागतं.

तसं लोणारला जायची गरज नाही. अल्कलीप्रेमी बॅसिलस साध्या बागेच्या मातीतही सापडतात, मीडियम मात्र हवं तसं पाहिजे. तुझ्याच स्टार्च अगरमध्ये लिटरला १० ग्रॅम सोडियम कार्बोनेट, पीएच १० च्या जरा वर जातो. कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह कर आणि दोन्ही ६० च्या आसपास आल्यावर मिसळ. एकत्र तापवलंस तर मीडियम तपकिरी होतं आणि अगर घट्टच बसत नाही. सोडियमऐवजी पोटॅशियम कार्बोनेट घालू नकोस. हे जीव आतला पीएच आठ-साडेआठला ठेवतात तो सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत ओढून, सोडियमच नसेल तर त्यांचा पंप कशावर चालणार?

स्लँटवाली

स्लँट आजच्या आज बाहेर काढ! जिओबॅसिलससारखे जीव फ्रीजमध्ये आरामात झोपत नाहीत, बरेचसे काही दिवसांत मरतात, आणि मग ‘स्ट्रेनची ॲक्टिव्हिटी गेली’ म्हणून रडारड. ताजा ब्रॉथ ६० ला ६-८ तास वाढव, अजून जोरात वाढत असतानाच २० टक्के ग्लिसरॉल मिसळून छोट्या व्हायलमध्ये उणे ८० ला टाक. निदान पाच व्हायल, आणि एक दुसऱ्या फ्रीझरमध्ये. उणे ८० नसेल तर ५५-६० ला चार-पाच दिवस ठेवून स्पोअर होऊ दे, मायक्रोस्कोपखाली निम्म्याहून जास्त चमकदार दिसले की निर्जंतुक पाण्यात धुऊन ४ अंशांवर ठेव. आठवड्यानं एक व्हायल उघडून ६० ला उगवते का ते बघितल्याशिवाय जुना स्लँट फेकू नकोस.